लोहाऱ्याच्या स्टँडवरची बेवारस पिशवी

"पिशवी नाहीये मॅडम," साळवी साहेब फोनवर म्हणाले.

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे नाहीये. मी बाकाखाली ठेवली. पलीकडच्या हॉटेलात जाऊन चहा सांगितला. चहा येईपर्यंत पिशवी गेली."

"कुणी नेली?"

"ते मला कळलं असतं तर तुम्हाला फोन कशाला केला असता?"

मी लोहाऱ्याच्या एसटी स्टँडवर, पोलीस चौकीच्या दाराशी उभी होते. आत हवालदार गायकवाड पेपर वाचत बसले होते. कुणीतरी धावत येईल, 'साहेब, तिकडं बेवारस पिशवी पडली आहे' असं सांगेल, आणि त्याला किती वेळ लागला ते मी टिपून घेईन, असा आमचा बेत होता. कुणीही आलं नव्हतं. गायकवाड बातम्या संपवून शब्दकोड्यापर्यंत पोचले होते.

पिशवी आमचीच होती. खोटी होती. म्हणजे पिशवी खरी, आतला बॉम्ब खोटा.

हे नीट सांगायला हवं. दहशतवादाशी लढायचं तर देशपातळीवर एक धोरण आखलं जातं. कागदावर ते चांगलंच असतं. तो कागद दिल्लीहून निघून तालुक्याच्या गावाला पोचेपर्यंत त्यातलं काय उरतं आणि काय सांडतं, हे जाऊन बघायचं काम आमचं. त्याला मूल्यमापन म्हणतात. माझी आई तामलवाडीला असते. ती पाहुण्यांना सांगते, "आमची नंदा सरकारचे पेपर तपासते." मी तिला दुरुस्त करायचं केव्हाच सोडून दिलंय. तसं तिचं फारसं चुकतही नाही. फरक एवढाच की आमचे विद्यार्थी नापास झाले तरी आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत.

धोरणाचा एक मोठा भाग आमच्या वाट्याला आला होता: नागरिकांची सतर्कता. ती मोजायची कशी? ताप मोजायला थर्मामीटर लागतं, तसं आमच्या कामात 'इंडिकेटर' लागतो. आमचा इंडिकेटर सोपा होता. गर्दीच्या ठिकाणी एक बेवारस वस्तू ठेवायची. लोक तिला हात न लावता पोलिसांना कळवतात का, आणि किती लवकर, ते बघायचं. पोलीस ठाण्याच्या साहेबांना याची कल्पना दिलेली होती. गायकवाडांना नव्हती, कारण परीक्षा त्यांचीही होती.

या परीक्षेवर एक गोष्ट अवलंबून होती, आणि ती मला आदल्या दिवसापासून टोचत होती. लोहाऱ्याला आसपासच्या खेड्यांतल्या मुली अकरावी-बारावीला खोल्या करून राहतात. त्यांचा डबा रोज घरून एसटीनं येतो. आई फाट्यावर उभी राहून डबा कंडक्टरच्या हवाली करते, तो स्टँडवर बाकापाशी उतरवून ठेवतो, मुलगी कॉलेज सुटलं की उचलते. डब्याबरोबर माणूस नसतो. साळवी साहेब पोलीस खात्यात गुप्त शाखेत नोकरी करून निवृत्त झालेले, मूळचे रत्नागिरीचे, आता या कामात माझे जोडीदार. त्यांनी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांना घाम फुटला.

"हे रोज असं पडलेलं असतं? मालकाशिवाय?"

"डबे आहेत, सर."

"तुम्हाला कसं माहीत?"

मी स्वतः सोलापूरला शिकले ती तामलवाडीहून एसटीनं येणाऱ्या डब्यावर. त्यामुळे माझं मन आधीच डब्यांकडे झुकलेलं होतं, हे इथंच सांगून टाकते. साळवी साहेबांचं म्हणणं साफ होतं. स्टँड परीक्षेत पास झालं तर उत्तम. नापास झालं, तर माणसाशिवाय सामान गाडीत चढवायला बंदी घाला, अशी शिफारस आमच्या अहवालात जाणार. आणि अशी शिफारस कुणी नाकारत नाही. नाकारून उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार?

आता मात्र पास-नापासाच्या आधी पिशवी शोधणं भाग होतं.

बाकाजवळ कलामावशी पेरू विकायला बसतात. सगळं स्टँड त्यांना मावशीच म्हणतं. मी त्यांना विचारलं, "मावशी, इथं एक पिशवी होती, पाहिलीत का?"

"वायरची? निळी? व्हय, म्याच उचलली की. ऊन फिरलं की बाकाखाली येतंय. डब्यातलं उडदाचं घुटं आंबतंय उन्हानं."

"कुणाची होती ती?"

"कुन्या तरी पोरीची असंल. कंडक्टर सांगायचा इसरला असंल. म्या समद्यांना इचारलं, कुनीच माझी म्हणंना. मग धाडली जीपवाल्यासंगं अर्चीच्या खोलीवर. चौघी ऱ्हात्यात तितं. कुनाची का असंना, पोटात तर जाईल."

"उघडून बघितली नाहीत?"

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. "दुसऱ्याचा डबा उघडायचा? ताई, काय इचारता तुमी?"

मी साळवी साहेबांना घेऊन त्या खोलीवर गेले. त्यांच्या हिशेबी एक संशयित वस्तू भर स्टँडवरून उचलली गेली होती, गाडीत घालून मुलींच्या खोलीवर पोचवली गेली होती, आणि वाटेत कुणालाही कसलाच संशय आला नव्हता.

अर्चना दारातच भेटली. बारावीची मुलगी, अचलेरची. आम्ही डब्याचं विचारल्यावर तिचा चेहरा खुलला.

"तुमच्याकडून आला व्हय तो? आमी कवाचं भांडतोय, कुणाच्या घरचा म्हणून!"

आत जाऊन बघितलं. खोट्या बॉम्बसाठी आम्ही डब्यात एक टेबलावरचं घड्याळ घातलं होतं, लाल वायरचं भेंडोळं घातलं होतं, आणि वजन यावं म्हणून खड्याचं मीठ. घड्याळ आता खिडकीत मांडलेलं होतं. त्याला पहाटेचा गजर लावलेला होता. लाल वायर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधली होती आणि तिच्यावर ओढण्या वाळत होत्या. मीठ ताटलीत काढलेलं होतं आणि चौघी पेरूच्या फोडी त्याला लावून खात होत्या. खोलीत गॅस पेटवायचा नाही अशी घरमालकिणीची अट, त्यामुळे मिठाचा दुसरा उपयोग नव्हता.

"आम्हाला वाटलं, परीक्षा जवळ आली म्हणून कुणाच्या तरी बाबांनी घड्याळ धाडलं," अर्चना म्हणाली. "बसा की सर. पेरू घ्या."

साळवी साहेब त्या ओढण्यांखाली उभे होते. आयुष्यभर त्यांनी खरे बॉम्ब बघितले होते. त्यांनी खाली बसून पेरूची एक फोड घेतली. मीठ लावलं नाही. नंतर मला म्हणाले, मीठ हा पुरावा आहे, म्हणून लावलं नाही. मला हसू आवरेना, आणि त्यांना माझं हसणं आवडलं नाही.

रात्री विश्रामगृहावर आमचं भांडण झालं.

"नापास," साहेब म्हणाले. "याच्यापेक्षा जास्त नापास कुणी होऊ शकत नाही."

"सर, आपली परीक्षाच चुकली. इथल्या बाजारातली वायरची पिशवी, इथलाच कडीचा डबा. आपण बॉम्ब ठेवलाच नाही, डबा ठेवला. लोकांनी त्याचं जे करायचं तेच केलं."

आमच्या धंद्यात याला परीक्षेची वैधता म्हणतात. जे मोजायचंय तेच आपण मोजतोय ना, हा तो प्रश्न. वजनकाट्यावर उभं राहून उंची मोजली तर आकडा येतो, पण तो उंचीचा नसतो. माझा मुद्दा बिनतोड आहे असं मला वाटत होतं.

साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, ज्याला खरंच काही करायचं असेल तो कसली पिशवी आणील? इथं मिसळून जाणारीच ना?"

ते बरोबर होते, आणि त्याचंच मला वाईट वाटत होतं. त्या चार मुलींचे चेहरे डोळ्यांसमोर आले आणि नंतर मला हसू आलं नाही.

सकाळी मी कलामावशींना खरं सांगायला गेले. परीक्षा संपली की सांगायचं, हा आमचा नियमच आहे. शेजारी बसून सांगितलं, मावशी, तो डबा नव्हता, आत खोटा बॉम्ब होता, लोक काय करतात ते आम्ही बघत होतो.

त्या आधी हसल्या. "आगं बया! अन् पोरींनी मीठ खाल्लं म्हनं त्यातलं!" मग पेरू पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

"ताई, खरा असता तर?"

मी टोपलीतला एक पेरू उगाच हातात घेतला.

"म्या माज्या हातानं पोरींच्या खोलीवर धाडला असता," त्या म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. मग त्यांनी तोंडावर पदर घेतला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. असं काम करताना मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

त्याचा परिणाम मला दुसऱ्या दिवशी दिसला. अचलेरची गाडी आली. कंडक्टरनं नेहमीप्रमाणे हाक मारली, "मावशी, डबे घ्या!" कलामावशी जागच्या हलल्या नाहीत.

"न्हाय बाबा. म्या न्हाय हात लावायची. हितं ठिवू बी नगंस."

"आवो, रोजचेच डबे हायती!"

"असूं देत. तुला काय ठावं, आत काय हाय?"

कंडक्टर गोंधळला. स्टँडवरही आता कुजबुज पसरलेली होती, त्यामुळे दुसरंही कुणी पुढं होईना. गाडीची वेळ झाली. डबे जसे आले तसे गाडीतून परत गेले. कॉलेज सुटल्यावर अर्चना आली, रिकाम्या बाकाकडे बघत उभी राहिली, आणि खोलीवर परत गेली. दुपारी मी तिला भजी घेऊन दिली तर म्हणाली, "नको मॅडम, आई उद्या पाठवील की." पण उद्याही तेच झालं.

"सर," मी साळवी साहेबांना म्हटलं, "आपण शिफारस लिहिलीसुद्धा नाही, आणि अंमलबजावणी झाली."

त्यानंतर साहेब परतीचा विषय काढेनात, हे माझ्या ध्यानात आलं.

तिसऱ्या दिवशी डब्याबरोबर अर्चनाची आईच आली. शेतातलं काम टाकून आली होती. साडीला तुरीचा कोंडा तसाच चिकटलेला. बाकावर बसून तिनं लेकीसमोर डबा उघडला. भाकरी, उडदाचं घुटं, शेंगदाण्याची चटणी. अर्चना खात होती आणि आई तिच्या वेणीतून हात फिरवत होती. साळवी साहेब समोरच्या हॉटेलातून हे सगळं बघत होते. चहा गार झाला तरी त्यांनी उचलला नव्हता.

लेकीचं खाऊन झाल्यावर ती बाई कलामावशींकडे गेली.

"कलाक्का, रोज मला यायला जमायचं न्हाय. घरी म्हातारी हाय, जनावरं हायती. डबा बंद झाला तर पोर घरी न्यावी लागंल. तिचा बा तेच म्हणतोय."

"मला भ्या वाटतंय गं," मावशी म्हणाल्या.

"म्या तर तुमच्या भरवशावर पोर हितं ठिवलीय."

मावशी रडायला लागल्या. ती बाईही रडायला लागली. मला माझ्या पदवीचा आणि अनुभवाचा उपयोग करायची हीच वेळ आहे असं वाटलं, पण मी सुद्धा रडायच्या बेतात होते. तेवढ्यात गायकवाड हवालदार चौकीतून उठून आले आणि म्हणाले, "आता समद्याच रडत बसणार, का काही ठरवायचं?"

मग आम्ही त्याच बाकावर बसून ठरवलं. साळवी साहेबही हॉटेलातून उठून आले. त्यांचं म्हणणं एकच होतं: वस्तू जमिनीवर बेवारस पडता कामा नये. माझं म्हणणं होतं, मग हातातून हातात जाऊ द्या. आईच्या हातातून कंडक्टरच्या हातात, त्याच्या हातातून मावशींच्या हातात, मावशींच्या हातातून मुलीच्या. जी पिशवी हातातून आली नाही, तिला हात लावायचा नाही.

"अन् तशी एखादी दिसली तर?" मावशींनी विचारलं.

"तर मोठ्यानं विचारायचं, कुणाची आहे म्हणून," साहेब म्हणाले. "कुणी बोललं नाही तर लांब व्हायचं, सगळ्यांना लांब करायचं आणि गायकवाडांना सांगायचं."

"वरडायला मला जमतंय," मावशी म्हणाल्या. स्टँडवर याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

पहिल्या डब्याला हात लावताना त्या किती घाबरल्या होत्या ते मी बघितलं. पुढच्या गाडीच्या कंडक्टरनं डबा पुढं केला, त्यांनी डोळे मिटले, आणि मग दोन्ही हातांत घेतला. अर्चनाची आई तोवर थांबली होती. डबा मावशींच्या मांडीवर आलेला बघून ती जीपमध्ये बसली.

साळवी साहेबांनी मात्र शिफारस मागं घेतली नाही. राखून ठेवली. "परत परीक्षा घेणार. न सांगता. तेव्हा नापास झाले तर मी लिहीन, आणि तुम्ही मध्ये पडायचं नाही." मी कबूल केलं. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. काही आठवडे मी पुण्यात बसून त्या स्टँडची काळजी करत होते. अर्चनाची परीक्षा अजून व्हायची होती. बंदी आली असती तर तिला ऐन अभ्यासाच्या दिवसांत घरी जावं लागलं असतं.

दुसऱ्या वेळी पिशवी ठेवायला साहेब स्वतःच गेले. मी म्हटलं, सर, तिथं तुम्हाला सगळे ओळखतात. ते म्हणाले, "मॅडम, मी गुप्त शाखेत होतो." धोतर, टोपी, गळ्यात उपरणं आणि डोळ्यांवर काळा चष्मा, असा वेष त्यांनी केला. खरं सांगायचं तर झकास जमला होता. मला पुन्हा चौकीबाहेर उभं केलं होतं. या वेळी मी झाडाच्या आड होते आणि देवाचं नाव घेत होते.

साहेबांनी बाकाखाली पिशवी सरकवली आणि सावकाश गेटकडे चालायला लागले.

"आवो पावणं!"

आवाज कलामावशींचा. साहेब चालत राहिले.

"आवो टोपीवालं! पिशवी ऱ्हायली तुमची!"

साहेबांनी चाल वाढवली. मावशी उठल्या. पेरूंची टोपली तशीच टाकून, पिशवीला वळसा घालून, त्या धावल्या. धावता धावता "लांब व्हा गं पोरींनो, गायकवाड, आवो गायकवाड!" असा आरडाओरडा सुरूच होता. गेटपाशी त्यांनी साहेबांची बाही धरली.

"माझी नाही पिशवी," साहेब आवाज बदलून म्हणाले.

"तुमचीच हाय. ठिवताना बघितलंय म्या. कुनाचा डबा हाय? कुनाच्या हातात द्यायचाय? बोला की!"

साहेबांनी हात सोडवायचा प्रयत्न केला. त्या ओढाताणीत चष्मा खाली पडला. मावशींनी त्यांच्याकडे निरखून बघितलं.

"आगं बया! सायब, तुमी?"

"होय मावशी, मीच. परीक्षा होती. सोडा आता."

मावशींनी सोडलं नाही. "सायब असला तरी आदी पिशवी उचला. माज्या पोरी यायच्या हायती तितं."

गायकवाड धावत आले तेव्हा बाकाच्या आसपास चिटपाखरू नव्हतं आणि पिशवी ठेवणारा माणूस पकडलेला होता. धोरणात याच्यापुढची पायरी लिहिलेलीच नाही. मी झाडाआडून बाहेर आले. साहेबांनी स्वतःची पिशवी स्वतः उचलली, हवालदारांसमोर उघडून दाखवली, आणि मगच मावशींनी विचारलं, "मंजी डबं चालू ऱ्हातील?"

"चालू राहतील," साहेब म्हणाले.

मावशी तिथंच खाली बसल्या. साहेबांनी त्यांना हाताला धरून बाकापर्यंत आणलं आणि जवळ बसून राहिले. बराच वेळ दोघंही धापा टाकत होते.

अहवालात आम्ही दोन वाक्यं जास्तीची लिहिली. एक, बेवारस वस्तूची खबर किती लवकर मिळते हे मोजताना, ती बेवारस व्हायच्या आधी 'कुणाची आहे' असं कुणी विचारतं का, हेही मोजावं. दोन, हातातून हातात जाणाऱ्या डब्यांना बंदी नसावी. मला वाटलं होतं साहेब पहिल्या वाक्याला हरकत घेतील. शास्त्रीय नाही म्हणतील. पण हरकत घ्यायची त्यांची परिस्थिती नव्हती. ज्या हातानं सही करायची, त्याच हाताची बाही कलामावशींनी खांद्यापासून उसवून ठेवली होती.